चार बोटं उघडणारी खिडकी

"मावशी, खिडकी उघडायला असते हो. तुम्ही तर ती बंदच करायला निघालात!" दुकानदार म्हणाला आणि आपल्याच विनोदावर हसला.

त्याने माझ्यापुढे हँडलं, कड्या, बिजागऱ्या यांचा नुसता बाजार मांडला होता. पितळी, काळ्या, पांढऱ्या. घरात नव्या झडपा बसल्या होत्या आणि सुतार म्हणाला होता, वरचं सामान तुमच्या पसंतीने आणा. पसंती कसली डोंबलाची! मला रंगाशी काही देणंघेणं नव्हतं.

"मला कमी उघडणारं काहीतरी द्या," मी म्हटलं.

"कमी म्हणजे?"

"चार बोटं. वारा आत यावा. बास."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि एकदम कपाळावर हात मारला. "अहो, लहान मूल आहे का घरात? मग आधी नाही का सांगायचं! चाइल्ड लॉक हवंय तुम्हाला."

मी हो म्हटलं.

सगळी हयात मी वीजबिलाच्या खिडकीत बसून काढली. काचेपलीकडून लोक काय काय थापा मारायचे! बिल मिळालंच नाही, गावाला गेलो होतो, बायको आजारी होती. मी कुणाला दाद दिली नाही. थाप कशी मारतात ते मला पक्कं ठाऊक, स्वतः मारायची वेळ तेवढी आली नव्हती. आली तेव्हा अशी जमली की विचारू नका.

"नातू की नात?"

"नातू."

"केवढा आहे?"

महिने मोजावे लागले नाहीत. ते रोज मोजलेलेच असतात. "दीड वर्षाचा."

"म्हणजे चालायला लागला."

"चालतो कसला, पळतो! खुर्चीवर चढतो, खुर्चीवरून टेबलावर. मिनिटभर टेकू देत नाही मेला."

शब्द तोंडातून गेला आणि माझं मलाच कसंतरी झालं. दुकानदाराला त्यात काही वावगं वाटलं नाही. लाडाने सगळेच म्हणतात. त्याच्याही घरी म्हणत असतील.

"आमचीही तीच तऱ्हा," तो म्हणाला. "परवा पोरीने माझा मोबाइल बादलीत बुडवला. वर टाळ्या वाजवतेय." त्याने एक छोटं यंत्र पुढे सरकवलं. "हे घ्या. बटण दाबलं की पूर्ण उघडतं, नाहीतर चार बोटंच. मिस्त्री वरच्या अंगाला लावेल. पोराचा हात पोचायचा नाही."

"किल्लीचं नाही का?"

"आहे की. पण एवढ्याशा पोराला किल्ली कशाला? उगाच खर्चात पडताय."

"नको, किल्लीचंच द्या, तिन्ही खिडक्यांना. फार डोकेबाज आहे तो. बघून बघून सगळं उघडतो."

"दीड वर्षाचा?"

"आमच्याकडे सगळे तसेच," मी म्हटलं. "अतिशहाणे."

तो खो खो हसला. मीही हसले. पिशवी घेऊन बाहेर पडले तरी मी हसतच होते. कोपऱ्यावर सिग्नलला थांबले आणि ध्यानात आलं की गेली दहा मिनिटं मी सुखात होते. मला इतकी लाज वाटली की दिवा हिरवा झाला तरी पाय उचलेना.

नातू चार महिन्यांचा होऊन गेला. दुपारी दूध पिऊन झोपला तो उठलाच नाही. डॉक्टर म्हणाले, यात कुणाची चूक नाही, असं होतं कधीकधी. असं होतं म्हणे! मग लेक माझ्याकडे आली. जावई वाईट नाही. रविवारी येतो, दोघं समोरासमोर बसतात, चहा निवतो, तो उठून जातो. लेकीला मी जन्मभर 'बाळा' म्हणत आले. आता तो शब्द घरात काढता येत नाही. 'अगं' म्हणते नुसतं.

आमचं घर पाचव्या मजल्यावर आहे. एका संध्याकाळी मी दूध घेऊन आले तर ती आतल्या खोलीत खिडकीच्या कट्ट्यावर बसली होती. पाय बाहेर.  माझ्या तोंडातून आवाज आला तो बिलाच्या खिडकीत बसून कमावलेला, कोरडा. "अगं, चहा टाकतेय. साखर किती घालू?" ती बराच वेळ तशीच बसली. मग म्हणाली, "एक चमचा," आणि पाय आत घेतले. त्यावर आम्ही दोघी कधी बोललो नाही. डॉक्टरांकडे नेलं, औषधं सुरू झाली. एकटीला सोडू नका, म्हणाले. नाही सोडत. दुकानात गेले तेही जावई तिच्यापाशी असताना. पण अंघोळीला तर मला जावंच लागतं की नाही? झोप तर लागतेच ना? जुन्या झडपा कुजल्याच होत्या, म्हणून खिडक्या बदलायला काढल्या. मी साऱ्या इमारतीला तसं सांगून ठेवलं. लेकीने ऐकून घेतलं. एका शब्दाने विचारलं नाही.

दुकानदाराच्या मिस्त्रीला मी मुद्दाम बुधवार सांगितला होता. बुधवारी जावई तिला डॉक्टरांकडे नेतो. हा पठ्ठ्या मंगळवारीच दारात हजर.

"आज रिकामा होतो मावशी, म्हटलं उरकून टाकू." पन्नाशीचा, जाडजूड, घामाघूम झालेला माणूस. पिशवी खाली ठेवून त्याने ड्रिल काढलं आणि इकडेतिकडे पाहिलं. "बाळ कुठंय? शेठ म्हणाले, फार द्वाड आहे. त्याला जरा आत ठेवा. भुसा उडतो, डोळ्यात जायचा."

लेक स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

बिलाच्या रांगेतली सगळी माणसं त्या क्षणी माझ्यापुढे उभी राहिली असती तरी मला एकाचीही थाप आठवली नसती.  लेक मिस्त्रीकडे बघत होती, मग माझ्याकडे. तिला सगळं कळलं. कसलं कुलूप, कुणासाठी, मी दुकानात काय सांगून आले, सगळं. मला वाटलं, आता ही ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"झोपलाय," ती म्हणाली. "आतल्या खोलीत."

"हां हां," मिस्त्रीचा आवाज लगेच खाली आला.

"ड्रिल नका लावू."

"ताई, ड्रिलशिवाय कसं..." तो जरा घोटाळला. मग आतल्या खोलीच्या बंद दाराकडे बघून मान हलवली. "बरं. गिरमिटाने पाडतो भोकं. वेळ लागेल हं."

"लागू दे."

आणि तो माणूस लागला की कामाला! लाकडात गिरमिट रोवायचं, हाताने पिळत राहायचं, भुसा फुंकायचा, पुन्हा पिळायचं. कपाळावरून घाम निथळत होता. लेक आतल्या खोलीच्या दाराला पाठ लावून जमिनीवर बसली. तिच्या सासरी मी तिला अशीच बसलेली पाहिली होती, बाळ निजलं की. मी मिस्त्रीला पाणी दिलं ते पाऊल न वाजवता. त्याने खुणेनेच 'आणखी नको' म्हटलं. आम्ही तिघं कुजबुजत बोलत होतो. एकदा त्याच्या हातून पेचकस निसटला आणि फरशीवर खणखणला. त्याने जीभ चावली. लेकीने झटकन दाराला कान लावला. आम्ही तिघंही श्वास धरून ऐकत राहिलो.

"नाही उठला," मिस्त्री पुटपुटला. "गाढ झोपलाय लेकाचा."

तिच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला हसू म्हणतात. मी ते वर्षभरात पाहिलं नव्हतं. देवाशपथ सांगते, मलाही वाटायला लागलं की आत कुणीतरी आहे. दुपार अशीच जावी, असं मनात येत होतं.

बैठकीची खिडकी झाली, स्वयंपाकघरातली झाली. मिस्त्रीने हात पुसले आणि दाराकडे हनुवटी केली. "एक तेवढी आतली राहिली. पण कशाला उठवता? उद्या येऊन लावतो. मला काय, जाता जाता दहा मिनिटांचं काम."

"हो," लेक लगेच म्हणाली. "उद्या या."

हत्यारं पिशवीत जायला लागली. मी त्या दाराकडे बघत होते. बाकीच्या खिडक्यांना कुलपं लावून काय पूजा करायची होती? ती बसली होती ती आतल्या खिडकीत. आजची रात्र जायची होती. आणि ही 'उद्या' इतकी पटकन का म्हणाली? मला काहीच कळेना. मला फक्त भीती वाटत होती.

"आजच लावा," मी म्हटलं.

"अहो मावशी, पण बाळ..."

"आत कोणी नाही."

मी हळू बोलले नाही. इतक्या वेळच्या कुजबुजीनंतर तो आवाज घरभर झाला. लेकीने डोळे मिटले. एकदा नातू आपणहून गेला होता. या खेपेला मी घालवला, तिच्या मांडीवरून ओढून घ्यावा तसा. दुसरं मी काय करणार होते? तुम्ही सांगा.

मिस्त्री पिशवी हातात घेऊन तसाच उभा. माझ्याकडे बघेना, तिच्याकडे बघेना. शेवटी लेक भिंतीला धरून उठली आणि तिनेच दार उघडलं. आत पलंग, त्यावर तिची चादर, कोपऱ्यात खुर्ची. दुसरं काही नाही. तो खोलीभर बघून खिडकीपाशी गेला. वाकून खाली पाहिलं, मग वळून तिच्याकडे. माणूस खुळा नव्हता.

"आता ड्रिल लावलंत तरी चालेल," मी म्हटलं.

"राहू द्या," तो म्हणाला. त्याने गिरमिटच काढलं.

अर्धं भोक पडलं आणि नवी झडप हलायला लागली. तिला आतून टेकू हवा होता. मी पुढे झाले, पण माझा जोर पुरेना, झडप जास्तच हलायला लागली.

"ताई," तो म्हणाला, "जरा धरता का?"

ती खिडकीशी गेली. दोन्ही तळवे झडपेला टेकवले आणि सगळा भार टाकला.

"असं?"

"असंच. हलू देऊ नका."

तिने शेवटचा स्क्रू बसेपर्यंत हलू दिली नाही. मग त्याने झडप ढकलून पाहिली. चार बोटं उघडली आणि अडली. त्याने किल्ली काढून घेतली, पण कुणापुढे धरावी हे त्याला कळेना. ती हातात घेऊन तो आम्हा दोघींच्या मध्ये उभा राहिला.

"आईकडे द्या," लेक म्हणाली. "माझ्याकडे नको."

मी हात पुढे केला.