मागचे ब्रेक आणि भिंतीची वीट

कारखान्यात त्याला सगळे ‘मायक्रोमीटर’ म्हणायचे. तीस वर्षं लेथवर टर्नर म्हणून काढलेल्या या माणसाने घरातही कधी काही अंदाजाने केलं नाही. भिंतीवर फोटो लावायचा तरी आधी पट्टी, मग पेन्सिल, मग लेव्हल; तोवर बायकोचा फोटोतला रसच संपलेला असायचा. अशा माणसाने डावं-उजवं चुकवलं असं कोणी सांगितलं, तर ऐकणारा सांगणाऱ्यालाच वेड्यात काढेल. पण झालं ते असंच.

त्याची लेक नर्स होती. हॉस्पिटल टेकडीच्या माथ्यावर, घर पायथ्याशी, आणि मधे एक लांबलचक उतार. महिन्यापूर्वी ड्यूटी संपवून ती खाली येत असताना त्यांच्या जुन्या गाडीचे ब्रेक तापले आणि पाय ठेवताच पेडल खालपर्यंत गेलं. हँडब्रेक ओढला तर त्यानेही दाद दिली नाही. वळणावरच्या भिंतीला गाडी घासत नेऊन तिने ती कशीबशी थांबवली. कोणाला खरचटलंही नाही. आरसा गेला आणि भिंतीची एक वीट निखळून पडली, एवढंच. तीच वीट चाकाखाली लावून ती चालत घरी आली.

गाडी ओढून घरी आणली, तेव्हापासून ती वीट तिच्या डिकीत होती. अंगणात, सपाट जमिनीवर, गाडी जागची हलवायची नसली तरी लेक वीट काढून चाकाला लावायची. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. ही तर वीट घेऊन फिरत होती.

मग एके दिवशी जेवणाच्या टेबलावर तिने एक फॉर्म ठेवला. नर्सेसच्या हॉस्टेलचा.

“पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी द्यायचाय,” ती म्हणाली. “गाडी विकून टाका, बाबा. तो उतार आता माझ्याच्याने होणार नाही.”

त्याला गाडीचं काही नव्हतं. लग्न होऊन गेली असती, दुसरी नोकरी धरून गेली असती, तर त्याने स्वतः तिचं सामान उचललं असतं. पण आपली पोरगी एका उताराला घाबरून घर सोडतेय, हे त्याला सोसवेना.

दुसऱ्या दिवशी त्याने कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला घरी आणलं. गॅरेजवाल्याने मागची चाकं काढली, ब्रेकचे डब्यासारखे बंद ड्रम उघडले आणि सांगितलं, “आतले ब्रेक शू नवे टाका, सिलिंडर बदला. काम भागेल.”

“पण काका, ते परत आत बंदच राहणार ना?” लेकीने विचारलं. “आमच्याकडे पट्टीखाली काय चाललंय ते दिसलं नाही, तर तीच जखम घात करते. पुढच्या चाकांना डिस्क आहे, ती दिसते तरी. तशी मागे नाही का बसत?”

“बसते की. पण तयार किटची किंमत ऐकलीस तर तुझा बीपी आम्हाला तपासावा लागेल.” त्याने किंमत सांगितली.

“नाकापेक्षा मोती जड,” आई म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

मायक्रोमीटर मात्र रुळावर आला होता. लेकीची भीती कशी घालवायची, हे त्याला कळत नव्हतं. पण मोजून, कातून, जुळवून काही करायचं असलं की तो पंचविशीतला व्हायचा. भंगारवाल्याकडे त्याला त्याच कंपनीची, जरा वरच्या मॉडेलची गाडी मिळाली. चाकं आभाळाकडे करून पडली होती बिचारी. तिच्या मागच्या डिस्क, डिस्कला दोन्हीकडून चिमटीत धरणारे कॅलिपर आणि हँडब्रेकच्या केबल त्याने अर्ध्या दिवसात उतरवल्या. उतरवताना प्रत्येक वस्तूवर पिवळ्या रंगाने ‘डा’ आणि ‘उ’ लिहिलं. वहीत आकृती काढली. हवा काढायच्या निपलचं तोंड खाली, हेही नोंदवलं. पेडलचा दाब ब्रेकच्या नळ्यांत ढकलणारा मास्टर सिलिंडरही तिथूनच घेतला.

ते कॅलिपर यांच्या गाडीवर सरळ बसत नव्हते, म्हणून जुन्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत लेथ मागून त्याने दोन जाड प्लेटा घडवल्या. पोरं भोवती जमली. “मायक्रोमीटर, रिटायर झालात ना?” “लेथ झालाय का रिटायर?” असं म्हणून त्याने त्यांना पिटाळलं. पॅड आणि रबरी सील तेवढे नवे आणले, कारण गॅरेजवाल्याने बजावलं होतं, “तिथे कंजुषी केलीत तर मी पोरीला गाडीत बसू देणार नाही.”

सगळं बसलं. फक्त हँडब्रेकच्या केबल वाकड्या जात होत्या. “जुनं ते जुनंच,” असं पुटपुटत त्याने लोखंडी पट्टी वाकवून त्यांना वाट करून दिली.

उरलं हवा काढणं. ब्रेकच्या नळ्यांत हवेचा बुडबुडाही राहिला तरी पेडल स्पंजासारखं दबतं. लेक पेडलवर, तो चाकापाशी, निपलला औषधाच्या दुकानातून आणलेली सलाइनची नळी, नळीचं टोक बाटलीत.

“दाब... धर... सोड!”

शंभर वेळा झालं असेल. दोन संध्याकाळी गेल्या, ब्रेक ऑइलच्या दोन बाटल्या संपल्या, पण पेडल काही टणक होईना. दुसऱ्या संध्याकाळी लेक गाडीतून उतरली, डिकीतून वीट काढून तिने चाकाला लावली आणि आत गेली. त्या विटेकडे पाहून त्याला रडूच आलं. सोमवारी फॉर्म द्यायचा होता आणि शुक्रवार उलटत होता.

शनिवारी त्याचा गुडघा इतका धरला, की खाली बसताच येईना. म्हणून जागा बदलल्या. तो पेडलवर बसला, लेक चाकापाशी वाकली. आणि निपल निरखून पाहू लागली.

“बाबा, याचं तोंड खाली कसं?”

“तसंच असतं. मी वहीत लिहिलंय.”

“वहीत असेल. पण हवा वर जाते ना?” तिने पर्समधून हाताला लागलेला कागद काढला आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर सिरिंज काढली. “इंजेक्शनमधली हवा काढताना आम्ही सुई वर धरतो. खाली धरली तर नुसतं औषध जाईल, हवा तिथेच. तुम्ही दोन दिवस चांगलं ऑइल काढताय, बाबा. हवा वर मजेत बसलीये.”

“अगं, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय! त्या गाडीत तोंड खालीच—” आणि तो थांबला. भंगारातली ती गाडी त्याच्या डोळ्यांसमोर आली. चाकं आभाळाकडे.

“काय झालं?”

“ती गाडी पालथी होती,” तो हळूच म्हणाला. “मी मागे उभा राहून डावं-उजवं लिहिलं. पालथ्या गाडीचं. म्हणजे डावं ते उजवं झालं, आणि वर ते खाली.”

लेक हसत हसत जमिनीवरच बसली. आई बाहेर आली. “तीस वर्षं मिलिमीटरचे हजार तुकडे मोजले,” ती म्हणाली, “आणि गाडी सरळ आहे की उलटी ते बघायचं राहिलं!” मग तोही हसला. महिनाभरात पहिल्यांदाच ते तिघं एकत्र हसत होते.

कॅलिपर इकडचे तिकडे झाले. निपल वर आली. केबल आपोआप सरळ बसल्या, त्याची पट्टी बिनकामाची ठरली. लेकीने चारदा नळी लावली, बुडबुडे सुटले, आणि त्याच्या पायाखालचं पेडल दगडासारखं झालं. त्याचा जीव भांड्यात पडला.

रविवारी सकाळी गॅरेजवाल्याने मोकळ्या मैदानात गाडी पळवून, थांबवून, परत चाकं काढून पाहिली आणि पसंतीची मान डोलावली. मग बापलेक उतारावर गेले. लेक चालवत होती; शेजारी बसलेला तो प्रत्येक वळणावर उजवा पाय दाबत होता.

“बाबा, तुमच्याकडे ब्रेक नाहीये.”

“माहितीये. तू रस्त्याकडे बघ.”

त्या भिंतीपाशी तिने गाडी थांबवली. “उतरा. आता मी एकटी.”

तो उतरला. गाडी परत वर गेली. विटेच्या रिकाम्या खोबणीशेजारी तो उभा राहिला आणि आवाजाची वाट पाहू लागला. गाडी आली, सावकाश, आणि अगदी तीव्र उतारावर थांबली. हँडब्रेकचा करकर आवाज झाला. इंजिन बंद झालं. लेक उतरली, मागे गेली आणि डिकी उघडून तिने वीट काढली.

त्याचं मन खट्टू झालं. राहिलीच शेवटी भीती.

पण ती चाकापाशी वाकली नाही. वीट हातात घेऊन ती सरळ खाली चालत आली, गाडीकडे पाठ करून. भिंतीपाशी येऊन तिने वीट खोबणीत सरकवली. वीट डुगडुगली.

“पॅकिंग लागेल,” तो म्हणाला. खिसे चाचपू लागला.

“हे चालेल?” तिने घडी केलेला कागद पुढे केला. एका बाजूला हॉस्टेलचा फॉर्म, तिच्या अक्षरात भरलेला. दुसऱ्या बाजूला सिरिंज, सुई वर.

त्याने कागदाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“किती घड्या घालू, बाबा?”

मायक्रोमीटरने खोबणीकडे नुसतं पाहिलं. “घाल चार. अंदाजाने.”

वीट घट्ट बसली. वर उतारावर गाडी जागच्या जागी उभी होती.

“चला,” लेक हात झटकत म्हणाली, “आईला घेऊन येऊ. तिचीही एक फेरी होऊ दे.”