पाटीवरचा सदतीस

“हं, पुढचं कोण?” पाटीवर पेन्सिल टेकवून शालूने विचारलं.

पुढचे तिचे वडीलच होते. देवमन टेलरने गळ्यातला टेप उगाच सारखा केला. रविवारी वंदना झाल्यावर विहारात बसताना तरी तो टेप घरी ठेवून यावा, असं शालूची आई, शकुन, दर वेळी सांगे. पण टेपाशिवाय त्याला मान परक्याची वाटे.

“सदतीस,” तो म्हणाला.

“कुठून आला?” डोमाजींनी विचारलं. हे विचारण्याचा मान त्यांचाच.

“खुशालरावची छाती. पोराच्या लग्नातला कोट शिवून राहिलो त्याईचा. टेप लावला अन् जो टाळूत बसला माह्या, तीन दिवस झाले, निंगून नाई राहिला.”

“मागच्या बारीले मास्तरची कंबर होती,” मागून भागीरथाबाई म्हणाल्या. “ह्या टेलरच्या हाती माप द्याचं म्हंजे बाई, धाकच हाये.”

बाया पदराआड हसल्या. देवमनही हसला. शालूने टपोरा ३७ काढून पाटी चारी बाजूंना फिरवून दाखवली. सगळ्यांनी पाहिल्यावर देवमन उठला, बादलीतलं फडकं पिळलं आणि आपल्या हाताने तो आकडा पुसला. मग पुढचा माणूस.

वस्तीतले लोक या बैठकीला ‘आकडेवाल्यांची शाळा’ म्हणत. अकोल्याच्या चारी अंगाला कापूस पिके, जिनांत सरकी काढून रेचला जाई, रस्त्यावरून त्याच्या गाड्या दिवसभर करकरत. पण मटक्याचा आकडा निघे तो सातासमुद्रापलीकडच्या अमेरिकेतल्या कापसाच्या भावावरून. संध्याकाळी एक अंक, रात्री दुसरा, दोन्ही मिळून जोडी. ती जोडी ज्याला आधी सुचली तो राजा. आणि सुचायला काय, गाडीच्या पाटीपासून पोराच्या गोवरापर्यंत सगळ्यांतच ती दिसे. रेल्वेत सांधे बदलण्यात उभी हयात घालवलेल्या डोमाजींनी तर बायको गेली त्या तारखेचीही जोडी लावली होती. हे ते स्वतःच सांगत, मान खाली न घालता, दर नव्या माणसाला. त्या नादातून सुटले तेव्हापासून त्यांनी ही शाळा चालवली होती आणि तिचे नियम दोनच. डोक्यातला आकडा सगळ्यांसमोर बोलून आपल्या हाताने पुसायचा. आणि नंतर काय आलं, हे कुणी कुणाला विचारायचं नाही, सांगायचं नाही.

“आकडा पोटात ठेवला का त्याले पाय फुटते,” डोमाजी म्हणत. “भाईर काढला, चार जनाईनं पाह्यला, का तो मेला.”

पाटी सांभाळायचं काम शालूचं, कारण वस्तीत तिचं अक्षर सर्वांत सुंदर. त्यात मागच्याच महिन्यात तिने शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिला नंबर मारला होता. ‘मुलींनी का शिकावे’ या विषयावर ती सात मिनिटं अशी कडकडली की परीक्षक घंटी वाजवायची विसरले. तेव्हापासून जगात बोलून सुटणार नाही असा प्रश्न नाही, याबद्दल तिची खात्रीच झाली होती.

मंगळवारी सकाळी ती दप्तर घेऊन निघाली आणि केशवरावांच्या पानठेल्याशी तिचे पाय थबकले. ठेल्याच्या फळीवर रात्री निघालेला आकडा खडूने हातभर मोठा लिहिला होता. ३७.

दोन माणसं पान लावून घेत होती. एक म्हणत होता, “आपल्या टेलरनं परवाच विहारात सांगतला होता म्हनते. लावला असता त आज मशीन सोन्याची झाली असती.”

दुसऱ्या कुणाचा आकडा असता तर काही नव्हतं. मागच्या वर्षी बाबा चार महिने आकडा न लावता कोरडे राहिले होते. मग मनात आलेली, न लावलेली एक जोडी खरोखरच आली. ‘माही होती, मीच सोडली’ असं म्हणत ते दोन दिवस भिंतीला टेकून बसले, आणि तिसऱ्या दिवशी गिऱ्हाइकांची शिवायला आलेली कापडं काखेत मारून, ती विकून आकडा लावायला बाहेर पडले. अकरा जणांची कापडं. त्यात वर्गातल्या मैनाच्या शाळेच्या झग्याचं कापड होतं. मैना दोन महिने विटक्या झग्यात शाळेत आली. ती शालूच्या शेजारची जागा सोडून दुसरीकडे बसू लागली. कापडं भरून देता देता आईच्या बोटांना बटणं लावून घट्टे पडले, ते अजून गेले नव्हते.

शालू तशीच माघारी पळाली. बाबा ओसरीवर मशीनपाशी बसले होते, तेलाची कुपी हातात घेऊन. ती त्यांच्याकडे न बघता आत गेली. शकुन भाकरी थापत होती.

“माय. सदतीस.”

शकुनचा हात परातीतच राहिला. “कोनाले मालूम हाये?”

“आख्ख्या रस्त्याले.”

शकुनने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. “मंग हा रस्ताच नको आज. घेऊन जाय त्याईले कुठंबी. सांजेपर्यंत.”

एवढंच हवं होतं. बक्षिसाचे पाच रुपये शालूने डब्यातून काढले आणि ओसरीवर येऊन, परीक्षकांसमोर उभी राहिली होती तशीच ताठ उभी राहिली.

“बाबा, अमरावतीहून आत्याबाईचा निरोप आला. चोळ्या शिवाच्या हायेत, माप घ्याले या म्हने. आजच.”

देवमनने तिच्याकडे पाहिलं, मग तेलाच्या कुपीकडे. मशीनखाली तेलाचं थारोळं साचलं होतं. “आजच?”

“आजच. मी बी येतो.”

“अन् शाळा?”

“आज शाळेत निस्ता शिवण्याचा तास हाये. तो मी तुमच्याजवळ शिकीन.”

देवमन उठला. टेप गळ्यात होताच. शालूने वडिलांना मागच्या बोळातून, उकिरड्याच्या बाजूने एसटीवर नेलं, आणि त्यांनी ‘इकडून काहून’ असं एकदाही विचारलं नाही. आपल्या बोलण्याची ही जादू पाहून तिला स्वतःचाच अभिमान वाटला.

मूर्तिजापूरपर्यंत सगळं ठीक होतं. तिथे एक जाडजूड माणूस चढला आणि मागच्या बाकावरच्या ओळखीच्याला म्हणाला, “काय गा, अकोल्यात रात्री सद...”

“अध्यक्ष महोदय, गुरुजनवर्ग आणि माझ्या मैत्रिणींनो,” शालू खणखणीत आवाजात म्हणाली.

अख्खी गाडी तिच्याकडे वळली. कंडक्टर तिकिटाची पेटी धरून उभाच राहिला. आता थांबलं तर मेलो, हे तिला कळलं. तिने खिडकीची दांडी धरली आणि मुलींनी का शिकावे, हे पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत सांगितलं. संपल्यावर तो जाडजूड माणूस पुन्हा तोंड उघडतोय असं वाटलं, म्हणून परत पहिल्यापासून सांगितलं. दुसऱ्यांदा संपेपर्यंत तिचा घसा बसला.

“टेलरसाहेब, पोरगी वकील करा,” कंडक्टर म्हणाला. “निदान माही गाडी त रिकामी राहीन.”

देवमन खिडकीबाहेर बघत होता. त्याचे खांदे हलत होते. तो हसत होता की काय, ते तिला दिसलं नाही.

अमरावतीला सुंदराबाई अंगणात तूर पाखडत होत्या. भावाला पाहून त्यांचं सूप थांबलं.

“चोळ्या? मी काहून निरोप धाडू? माह्या दोन चोळ्या नाई फाटत आनखी चार वर्स.”

शालू बाबांच्या मागे सरकली.

“रागावू नको तिले,” देवमन म्हणाला आणि निंबाखाली खाटेवर बसला. “आकडा आला ना माहा. म्हनून पळवून आनलं तिनं मले.”

“तुमाले मालूम होतं?”

“सकाळीच. नळावर केशवराव भेटला, घरापर्यंत सांगत आला.”

“मंग बोलले काहून नाई? मी दोनदा भाषन केलं, बाबा.”

“चांगलं केलं तू. दुसऱ्या बारीले जास्ती चांगलं झालं.” मग त्याने टेप गळ्यातून काढून मांडीवर ठेवला. “मशीनले तेल देत बसलो होतो. घंटाभर तेच करून राहिलो. उठलो असतो त पाय कुठं गेले असते, ते मले समजत नवतं. तेवढ्यात तू आली अन् म्हनली, चला. मले वाटलं, बरं झालं. कोनी त नेते.”

सुंदराबाई आत गेल्या आणि तव्यावर भाकरी टाकल्याचा आवाज आला. देवमन पिठल्याशी तीन भाकरी जेवला आणि भर दुपारी, निंबाच्या सावलीत, घोरू लागला. मागच्या वर्षी त्या दिवसांत तो डोळे उघडे ठेवून पडून राही. शालू खाटेच्या पायाशी बसून ते घोरणं ऐकत राहिली. आत्याबाईने दोनदा हाक मारली तरी ती उठली नाही.

दिवे लागायच्या वेळी दोघं अकोल्याला परतले, तर ओसरीवर आकडेवाल्यांची सगळी शाळा बसलेली. डोमाजी, भागीरथाबाई, कामावरून परस्पर आलेले तिघं-चौघं. शकुनने सगळं सांगितलं होतं, तरी कुणी घरी गेलं नव्हतं.

“काय झालं?” देवमनने विचारलं. “कोनी मेलं काय?”

“नाई,” डोमाजी म्हणाले आणि काठी टेकून उठले. “आला ना तू. चाललो आमी.”

बुधवारी खुशालराव कोटाच्या ट्रायलला आले. बोरगावचे शेतकरी, आवाज शेतात हाळी घालावी तसा. शालू ओसरीवर काजं करत होती. तिची पाटी खुंटीला टांगलेली होती.

“माही छाती लागली म्हनते, टेलर,” कच्च्या टाक्याचा कोट अंगात घालता घालता ते म्हणाले. “गावभर बोभाटा हाये. कष्ट माह्या छातीचे, अन् तू पुसून टाकला?”

शालूची सुई थांबली. आत शकुनच्या हातातलं भांडंही थांबलं.

देवमनच्या ओठांत टाचण्या होत्या. त्याने त्या एकेक करून काढल्या.

“कोट ढिला होऊन राहिला तुमाले,” तो म्हणाला. “मापाच्या टायमाले श्वास भरून उभे होते तुमी.”

“नवरदेवाचा बाप हाय मी. भरूनच उभा राहीन.”

“सोडा.”

“काय सोडू?”

“श्वास. सोडा, अन् तसेच राहा.”

खुशालरावांनी फुस्सकन श्वास सोडला. देवमनने काखेखालून टेप फिरवला, समोर जुळवला, अंगठ्याने दाबून धरला.

“पस्तीस.”

शालूचा हात सवयीने खुंटीकडे गेला.

“वहीत लिव, बाई,” देवमन म्हणाला. “माप हाये ते.”

तिने मापाची वही ओढली आणि खुशालरावांच्या नावापुढे पस्तीस लिहिलं. देवमनने कोटाच्या दोन्ही कडा चिमटीत धरल्या आणि जास्तीचं कापड आत घेत, एकेक टाचणी लावत राहिला.