जागेवाल्याचा नारळ

"रोज नारळ फुटतोय, पन आमटीत खोबऱ्याचा कीस काय दिसत न्हाय," गुणाजी सुतार मनुबाईच्या कानाशी पुटपुटला. "समदं जागेवालाच खातो म्हनं. असंल. आपल्या आचाऱ्याएवढंच पोट असंल त्याचं."

मनुबाईच्या तोंडात टाचण्या होत्या, म्हणून ती हसली नाही. टाचण्या नसत्या तरी हसली नसती. समोर रंगमंचाच्या कडेला मालक मार्तंडराव डोळे मिटून उभे होते, त्यांच्यामागे मंडळीतली झाडून सारी माणसं हात जोडून उभी होती, आणि सगळ्यांच्या मधोमध नारळाची दोन भकलं पडली होती. पाणी फळ्यांच्या फटींतून खाली झिरपत होतं.

बल्लाळप्रसाद संगीत नाटक मंडळी रेवदंड्याला येऊन पुरता महिनाही झाला नव्हता. सुपारीच्या वाडीत पत्र्याचं थेटर, पलीकडे समुद्र, आणि मुक्काम मोठा. मुंबईत बोलकी चित्रं निघाल्यापासून गावोगाव हिंडणं मालकांना परवडेनासं झालं होतं. पण इथे पाय ठेवल्यापासून काहीतरी बिनसलं होतं. पहिल्याच आठवड्यात दरबाराचा पडदा भलत्या वेळी खाली आला आणि सिंहासनाचा हात तोडून गेला. राजा नुकताच गाण्यासाठी उठला होता म्हणून वाचला. पुढच्या खेळाला तोच पडदा एका दासीच्या पाठीला घासून उतरला. दासीच्या आत पुरुष होता, तोही चांगला धट्टाकट्टा, तरी त्याला दोन दिवस कुशीवर निजावं लागलं.

मग ज्याने त्याने आपापलं भूत शोधून काढलं. कोणी म्हणालं इथे पूर्वी विहीर होती, ती बुजवली. कोणी म्हणालं पिंपळ तोडला. शेवटी जागेवाल्यावर एकमत झालं. ही भुई ज्याची, ज्याला विचारल्यावाचून आपण इथे नाचगाणी मांडली, तो चिडलाय. तेव्हापासून रोज नारळ. सगळ्यांना कसं बरं वाटलं होतं.

मनुबाईलाही वाटलं असतं. पण पडद्याच्या वर कोण असतं ते तिला ठाऊक होतं. तिचा नवराच असायचा.

पडदा म्हणजे नुसतं रंगवलेलं कापड नव्हे. त्याच्या खालच्या काठाला मांडीएवढा जाड सागवानी दांडा असतो, त्याच्या वजनाने पडदा ताठ राहतो. वर आढ्याखाली फळ्यांचा माळा, तिथे अंबाजी दोर धरून उभा. खालून खेळ चालवणाऱ्या बाळाजीने शिट्टी मारली की दोर सोडायचा. सोडताना खाली बघायचं. दांड्याखाली माणूस दिसलं की दोर आवळून धरायचा, शिट्टी वाजो की ढोल वाजो. मंडळी निघाली त्या दिवसापासून अंबाजी हे काम करत होता. माणगावाकडचा शेतकरी गडी, भाताच्या पेंढ्या वर फेकून घट्ट झालेले हात. दोर तर तो नुसत्या बोटांनी ओळखायचा, हा रस्त्याचा, हा जंगलाचा, हा दरबाराचा. हातांचं काहीच बिघडलं नव्हतं.

बघण्याचं वांधं होतं.

मनुबाईने हे वाक्य मनातसुद्धा कधी पुरं होऊ दिलं नव्हतं. 'ह्यांचे डोळे' इथपर्यंत यायचं आणि तिथूनच मागे फिरायचं. गणपतीच्या सुमाराला तिने त्याच्या पानातल्या माशाचे काटे काढायला सुरुवात केली, तेव्हा तो म्हणाला होता, "म्या काय कुकुलं बाळ हाय व्हय?" पण हात मागे घेऊन बसला आणि काढू दिले. मग एकदा रंगपटात, म्हणजे कपड्यांच्या आणि रंगाच्या खोलीत, खुंटीवर राजाचा जरीचा अंगरखा टांगलेला होता. अंबाजी आत आला, अंगरख्यासमोर थबकला, वाकून म्हणाला, "रामराम मालक." सगळे खोखो हसले. अंबाजीही हसला. "कसं फसवलं!" म्हणाला. मनुबाईला मात्र वाटलं, लोक जरा जास्तच मोठ्याने हसले.

दासीची पाठ सोलवटली त्या रात्री अंबाजी तिला म्हणाला, "हितं समुद्राचा वारा पत्र्यात लई घोंगावतो. शिट्टी नीट ऐकू येत न्हाय. येक सुतळी बांध. म्या आंगठ्याला बांधतो, तू खाली विंगेत धर. खाली समदं मोकळं झालं की येक हिसका दे."

"व्हय," ती म्हणाली. "वारा हायच लई."

बारा वर्षं समुद्रकाठी नाटकं केलेली ती दोघं, पण वाऱ्याबद्दल असं बोलली जणू वारा आत्ताच कुठून आला होता.

मंडळीचे सगळे कपडे मनुबाईच्या ताब्यात. शालू घडी करणं, हुक लावणं, फाटलेलं सांधणं, नटांना नेसवणं. त्यातून वेळ काढून ती विंगेत उभी राहायची, सुतळी बोटाला गुंडाळून. पडदा उतरायची वेळ आली की ती एकेक माणूस मोजायची. कोण गेलं, कोण राहिलं, कोणाचा पदर मागे अडकलाय. मग हिसका. मग तो दांडा धडधडत फळ्यांवर टेकेस्तोवर नजर हलवायची नाही. खेळाला एवढे पडदे कशाला लागतात, असं तिला वाटायला लागलं होतं. एकाच पडद्यात काय ते बोलून मोकळं व्हावं की.

आणि आज नवा खेळ होता.

नव्या खेळात दरबाराचा प्रवेश संपतो तेव्हा नायिका पांढऱ्या लुगड्यात असते, आणि सखीचं एक पद होईपर्यंत नववधू होऊन परत येते. त्या एका पदात पांढरं लुगडं सोडून नऊवारी शालू नेसवायचा, नथ, बुगड्या, कमरपट्टा. नेमका त्याच वेळी दरबाराचा पडदा उतरायचा. मनुबाईला रंगपटातही हवं होतं आणि विंगेतही. नाटकाच्या वाचनाच्या दिवशीच तिच्या ते ध्यानात आलं आणि तेव्हापासून तिचं जेवण सुटलं होतं.

नायिका म्हणजे यज्ञेश्वर. काशीदकडचा, वाडीवाल्यांचा मुलगा, विशीही गाठलेली नाही. गळा गोड, कंबर बारीक आणि तोंड सदा कुरकुरत.

"यज्ञुभाऊ," तिने त्याला विचारून पाहिलं होतं, "शालू आतनंच नेसून घेतला तर? वरनं पांढरं. मग नुसतं सोडायचं."

"मावशी, आधीच लोक मला जाड म्हणतात. दोन लुगड्यांत मी नायिका दिसेन की गाठोडं?"

"गाठोडं बरं. जिवंत गाठोडं." हे तिने तोंडातल्या तोंडात म्हटलं.

कारण त्याच्यापुढे आणखी होतं. शेवटच्या प्रवेशात यज्ञेश्वर रंगमंचाच्या मधोमध डोळे मिटून ध्यानाला बसणार, आणि त्याच्या पाठीशी वीतभर अंतरावर पडदा उतरणार. वीतभर चुकलं तर काय, हे ती रोज निजताना पाहायची. त्याची आई एकदा पोह्यांचा डबा घेऊन आली होती. "आमच्या लेकाला सांभाळा हो," म्हणाली होती. मनुबाईने "सांभाळते" म्हटलं होतं, दुसरं काय म्हणणार?

पण सांगायचं कोणाला? अंबाजी माळ्यावरून उतरला की मंडळीत त्याचं काम काय? गावी जमीन दिराच्या हातात. जावेच्या ओटीवर बसून दोघांनी दिवस काढायचे, आणि जाऊ पाणी द्यायलाही आधी घसा खाकरणार. ते एक वेळ सोसेल. पण अंबाजीने स्वतः तिला अजून सांगितलं नव्हतं. जे त्याने सांगितलं नाही ते तिने जगाला कसं सांगायचं?

नारळ झाला. दुपारी रंगीत तालीम. मनुबाईने गुणाजीला विंगेत गाठलं.

"भावजी, येक काम. ही सुतळी धरा. बाळाजीची शिट्टी झाली आन् खाली कोन नसलं, की येक हिसका द्यायचा."

"कशापायी?"

"ह्यांना वर डुलकी लागते."

गुणाजी म्हणजे एका खिळ्यामागे दहा प्रश्न विचारणारा माणूस. त्याने सुतळी घेतली, बोटाला गुंडाळली आणि म्हणाला, "बरं वैनी." बस्स, एवढंच. पुढचं एक अक्षर नाही. मनुबाईला तिथेच भीती वाटायला हवी होती, पण पेटी सुरू झाली आणि यज्ञेश्वर "मावशी, मावशी!" करत रंगपटात पळाला.

तिने पांढरं लुगडं सोडलं. शालू धरला. तोंडात टाचण्या, हातात निऱ्या. बाहेर सखीचं पद चाललं होतं. मग शिट्टी. मग वरच्या चाकाची करकर.

"मावशी, निऱ्या डाव्या बाजूला गेल्या."

"उगी ऱ्हावा."

करकर चालली होती. मग कोणीतरी ओरडलं. पेटीच्या आवाजात शब्द कळले नाहीत. आणि करकर वाढली. नेहमी पडदा असा येत नाही, हळू येतो, झुलत येतो. हा धावत येत होता. मनुबाईच्या हातातल्या निऱ्या सुटून खाली पडल्या.

धाड.

पत्रे हादरले. पेटी बंद झाली.

ती धावली. मागून यज्ञेश्वर, अर्धा शालू गुंडाळून, अर्धा फरफटत. रंगमंचावर मार्तंडराव मागे हात टेकून बसले होते. त्यांची एक वहाण दांड्याखाली चपटी झाली होती. पाय बाहेर होता, नुसता नशिबाने.

झालं ते एवढंच. शिट्टी झाली, दांड्याखाली मोकळं होतं, गुणाजीने हिसका दिला. दोर सुटला, आणि तेवढ्यात मालकांना सिंहासन वाकडं दिसलं म्हणून ते सरळ करायला मध्ये आले. गुणाजी ओरडला, पेटीत ओरडणं बुडालं. मग त्याने घाबरून सुतळी ओढली. थांब म्हणून ओढली, परत ओढली, ओढतच राहिला. आणि वर अंबाजीला सुतळीची एकच भाषा ठाऊक होती. ओढली की सोड. जसजसा गुणाजी ओढत गेला तसतसा तो दोर ढिला सोडत गेला.

गुणाजीच्या बोटाला अजून सुतळी होती. बोट निळं पडलं होतं.

"जागेवाला," कोणीतरी हळूच म्हणालं.

"जागेवालाच," बाळाजी घाईने म्हणाला. "नारळावर भागत नाही त्याचं."

"कोंबडा मागतोय," आणखी कोणी.

मार्तंडराव उठले. चेहरा सफेदा लावल्यासारखा झाला होता. "कोंबडंबिंबडं जे काय असेल ते मागच्या अंगाला करा. मला सांगू नका, पण करा. दिवेलागणीच्या आत करा." मग दांड्याकडे पाठ करून म्हणाले, "रात्री खेळ व्हायलाच हवा. सगळी अलिबागेची माणसं येणार आहेत."

सगळे एकदम बोलू लागले. तुर्रेवाला हवा की साधा चालेल, कोळीवाड्यात मिळेल की बाजारात. भीतीने माणसं अशी उत्साहात आलेली मनुबाईने कधी पाहिली नव्हती.

तेवढ्यात वरून आवाज आला.

"कोनाला लागलं का?"

अंबाजी माळ्याच्या कडेला गुडघे टेकून खाली वाकला होता. पत्र्याच्या झरोक्यातून उन्हाचा झोत सरळ रंगमंचावर पडला होता, आणि त्या झोतात मालक उभे होते, एका पायात वहाण, एक पाय अनवाणी. अंबाजीचं तोंड थेट त्यांच्याकडे होतं.

"बोला की कोनी. मालक कुठं हायत? मालकांना बोलवा."

बाळाजी हातातली शिट्टी पुसत राहिला. गुणाजी फळीचा खिळा बघत होता. ज्या दासीची पाठ सोलवटली होती तो गडी छताकडे पाहत होता. मनुबाईने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला कळलं की अंगरख्याला रामराम केला तेव्हा सगळे एवढ्या मोठ्याने का हसले. कळलं की गुणाजीने सुतळीबद्दल एकच प्रश्न का विचारला. ती एकटीच लपवत नव्हती. सगळी मंडळी मिळून लपवत होती, आणि नारळ फोडत होती.

"मी इथेच आहे, अंबाजी," मार्तंडराव शेवटी म्हणाले. इतक्या हळू, की आजाऱ्याशी बोलावं तसं. "काही झालेलं नाही. वहाण गेली. रात्री माळ्यावर तूच राहा."

"व्हय मालक," अंबाजी म्हणाला. "तुम्ही हायसा म्हनजे झालं." त्याच्या आवाजात सुटका होती, आणि मनुबाईला ती सुटका ऐकवेना.

यज्ञेश्वरने शालूचा बोळा छातीशी धरला होता. "मग शेवटच्या प्रवेशात," त्याने विचारलं, कुरकुर न करता, अगदी बारीक आवाजात, "मी तिथेच बसायचं? डोळे मिटून?"

"तिथेच," मार्तंडराव म्हणाले, त्याच्याकडे न पाहता.

"बरं," यज्ञेश्वर म्हणाला. चांगल्या घरचा मुलगा, मोठ्यांनी सांगितलं ते ऐकणारा.

मनुबाईने तोंडातल्या टाचण्या काढल्या. एकेक काढून पदराला टोचल्या, कारण हात रिकामे करायला तेवढा वेळ तिला हवा होता. मग तिने वर पाहिलं. अंबाजी अजून वाकलेलाच होता, ती कुठे आहे ते कानाने शोधत. ती पुढे झाली आणि झोतात, मालकांच्या समोर येऊन उभी राहिली.

"मालक, कोंबडा नको," ती म्हणाली. वरच्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली. "ह्यांना दिसत न्हाय."