बाबांची मुदत

बाबांच्या तेराव्यानंतर मी एल्डरविक पॅलेसला, त्यांचं सभासदत्व बंद करायला, ईमेल केली. ‘माय फादर एक्सपायर्ड ऑन फोर्थ मार्च.’ इंग्रजी वाचण्यात जन्म गेला, पण ऐन वेळी हात आपल्याकडच्या ‘एक्सपायर्ड’कडेच गेला. उत्तर आलं: काळजी नसावी, मुदत संपलेल्या सभासदांना तीस दिवसांची सवलत असते.

आईनं ते दोनदा वाचून घेतलं. “म्हणजे तीन एप्रिलपर्यंत आहेत.”

“आई.”

“त्यांनीच लिहिलंय ना?”

ती अजून त्यांच्या गोळ्या सकाळ-संध्याकाळच्या खणांत भरत होती. आमचं आडनाव राजवाडे. त्या जुन्या, बरोक शैलीच्या पॅलेसचे घुमट आणि कारंजी पहिल्यांदा पाहून बाबा म्हणाले होते, “नाव आपलं आणि घर यांचं!” मग दोघांचं कार्ड काढून महिन्यातून दोन रविवार तिथे. ते बंद करायला आता आईची सही हवी होती आणि ती करत नव्हती. म्हणून शनिवारी तिला वेम्बलीच्या घरून तिथेच घेऊन गेले.

तिकीट-खिडकीतल्या बाईंनी कार्ड पाहिलं. “आणि मिस्टर राजवाडे?”

“ही इज गॉन,” मी म्हणाले.

“पुढे? बागेत? कसे दिसतात?” त्यांनी वॉकीटॉकी उचलला.

एवढं आईला कळलं. “ब्राउन कॅप. मफलर. डावा पाय ओढतात. फार चालवू नका म्हणावं.”

मी थांबवायला हवं होतं. उलट इंग्रजी करून सांगितलं. माळी कात्र्या टाकून निघाले. ऑरेंजरीच्या काचघरात नाहीत. चित्रांच्या लाँग गॅलरीत नाहीत.

“शिकारीच्या चित्रापाशी बघा,” आई म्हणाली. “त्यातल्या कुत्र्याला पाच पाय आहेत, असं सगळ्यांना दाखवत असतात.”

मी इंग्रजीत सांगितलं. थोड्या वेळानं वॉकीटॉकी खरखरला: “पाच आहेत खरे. मिस्टर राजवाडे नाहीत.”

शेवटी एका माळ्यानं ब्राउन कॅपवाल्या एका आजोबांना हाताला धरून आणलं. ते इल्फर्डचे कुणी पटेल होते. मागून त्यांची सून ओरडत येत होती. आईनं त्यांना पायांपासून वरपर्यंत नीट पाहिलं. त्यांनी बिचाऱ्यांनी कॅपही काढून दाखवली.

“हे नव्हेत,” आई म्हणाली. “सॉरी हं.”

“सापडेपर्यंत आम्ही बंद करणार नाही,” खिडकीतल्या बाई म्हणाल्या. आईनं मान डोलावली आणि खुर्ची ओढून बसली. तिचा चेहरा इतका निवांत होता की मला भीती वाटली.

“ही इज डेड,” मी म्हणाले. मराठीत तो शब्द वडिलांसाठी माझ्या तोंडून निघाला नसता.

बाईंचा अंगठा अजून वॉकीटॉकीच्या बटणावरच होता. वॉकीटॉकीतून कुणीतरी घाबरून विचारलं, “व्हेअर?”

आईनं माझ्याकडे पाहिलं नाही. त्या काळ्या डबीकडे वाकून तिनं मराठीतच, सावकाश, समोरच्याला लिहून घ्यायचं असावं तसं सांगितलं, “हॉस्पिटलमध्ये. मी चहा आणायला गेले होते.”