निळ्या चिंधीचे शिवणयंत्र

ज्याच्या दांड्याला निळी चिंधी बांधलेली आहे आणि ज्याच्या पोटात वाळू भरलेली आहे, असे मी एक जुने, हाताने फिरवायचे शिवणयंत्र आहे. मित्रांनो, नामिबच्या वाळवंटात, समुद्राच्या काठी विंटरबाय नावाचे हिऱ्यांचे गाव आहे. तेथील खाणीच्या दाराशेजारच्या पत्र्याच्या खोलीत माझा मुक्काम आहे. मुक्काम म्हणतो खरा, परंतु मला येथून हलता येत नाही.

माझा जन्म दूरच्या कारखान्यात झाला. उत्तरेकडून करारावर आलेल्या हाइम्बोदी नावाच्या मजुराने पहिल्या कमाईतून मला विकत घेतले. तारेच्या कुंपणापलीकडे हे मजूर वाळूचे डोंगर उपसत आणि तळाच्या खडकाच्या फटी लहान झाडूने झाडून काढत. पंधरा दिवस आत राहायचे, मग दोन दिवस गावातल्या बराकीत. मी बराकीत राहत असे. त्या दोन दिवसांत हाइम्बोदी सर्वांचे फाटके कपडे माझ्याकडून शिवून घेई. लोक माझी स्तुती करीत, तेव्हा तो म्हणे, "ही माझ्या तुयेनीची मशीन आहे. करार संपला की घरी नेणार." तुयेनी ही त्याची मुलगी. तिच्या झग्यासाठी त्याने निळे कापड घेऊन माझ्या पेटीत जपून ठेवले होते.

एके दिवशी खाणीत वाळूची भिंत कोसळली आणि आमुतेन्या नावाचा त्याचा सोबती तिच्याखाली गेला. त्याचे प्रेत सूर्यास्तापूर्वी गाडीने उत्तरेला निघणार होते. त्याच्या अंगावर धड कपडा उरला नव्हता. हाइम्बोदी आत होता आणि पाळी संपेपर्यंत त्याला बाहेर येण्याची मुभा नव्हती. म्हणून त्याने निरोप धाडून पावाच्या गाडीतून मलाच मागवले.

दारावरच्या कूस नावाच्या पहारेकऱ्याने गाडी थांबवली आणि हाइम्बोदीला तारेपाशी बोलावले. उत्तरेकडचे लोक वडीलधाऱ्याला म्हणतात तसे तो त्याला 'ताते' म्हणे.

"ताते, अजून मशीन बाहेर आहे. परत पाठवू का?"

"कशाला?"

"आत गेलेलं लोखंड बाहेर येत नाही, त्यात हिरा लपवता येतो, माहीत आहे ना? मग पोरीला काय देशील, सुई?"

"खाणीचा साहेब म्हणालाय, नंतर मशीन बाहेर जाऊ देतो म्हणून."

"लिहून दिलंय?"

"माणूस मेलाय, कूस. अशा वेळी लिहून मागू?"

कूसने दार उघडले. आत जाण्यास कशालाच मनाई नव्हती.

त्या दुपारी तुयेनीच्या निळ्या कापडाचा सदरा झाला. एक म्हातारा मजूर कापड धरून बसला होता. तो म्हणाला, "जन्मभर बटण लावलं नाही याने. आता ऐट बघा." हाइम्बोदीने बटणे दोनदा पक्की केली. मी आयुष्यात पुष्कळ शिवले, परंतु इतके सरळ टाके माझ्या हातून पुन्हा पडले नाहीत.

मित्रांनो, लिहिण्यास लाज वाटते, परंतु बाहेर जाणाऱ्या प्रत्येक मजुराप्रमाणे त्या प्रेतालाही क्ष-किरणांच्या यंत्राखाली नेण्यात आले. पोटात हिरा नाही अशी खात्री झाल्यावरच गाडी सुटली. मी शिवलेला सदरा बाहेर गेला. मी आत राहिलो.

पुढे शब्द देणाऱ्या साहेबाची बदली झाली. हाइम्बोदीचा करार संपला, तेव्हा तो मला डोक्यावर घेऊन दाराशी आला.

"माणूस आरपार दिसतो, ताते," कूस खाली बघत म्हणाला. "लोखंड दिसत नाही. माझ्या हातात असतं तर..."

"तुझ्या हातात नाही. ठाऊक आहे मला." हाइम्बोदीने मला खाली ठेवले. सदऱ्याची उरलेली चिंधी माझ्या दांड्याला बांधली. "तेवढं तेल घालत जा."

कूसने नोकरी संपेपर्यंत तेल घातले. नंतर कोणी घातले नाही. वाळूतले हिरे संपले, बराकी ओस पडल्या आणि वाळूने एक एक खोली ताब्यात घेतली.

हल्ली कधी कधी पाहुण्यांची बस येते. मागच्या हिवाळ्यात तिच्यातून एक पिकल्या केसांची बाई उतरली आणि चिंधीपाशी येऊन थांबली.

"मेमे, वस्तूंना हात लावायचा नाही," वाटाड्या मुलगी म्हणाली. मेमे म्हणजे आई.

"माझ्या बापाच्या मशीनला मी हात लावायचा नाही, तर कोणी, वाळूने?"

मुलगी बाजूला सरकली.

"फार वाट पाहिली गं हिची," तुयेनी म्हणाली. "बाप हातानेच शिवत राहिला. डोळे गेले तरी. दुसरी मशीन काही त्याने घेतली नाही."

तिने पिशवीतून मारुला फळाच्या बियांच्या तेलाची बाटली काढली आणि माझ्या सांध्यांत थेंब सोडले. मग दांडा धरला. इतक्या वर्षांनी मी अर्धा फेरा फिरलो. पुढे वाळू आडवी आली.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादे जुने यंत्र असेल, तर त्याला वेळच्या वेळी तेल द्या. आणि पुढेमागे एखाद्या दाराचे अधिकारी झालात, तर एखादी वस्तू अडवण्यापूर्वी तिची कोणी वाट पाहत आहे काय, एवढे विचारा.

निघताना तुयेनीने माझ्या बॉबिनवर उरलेला निळा दोरा उलगडून बोटाला गुंडाळला. हिरे संपले तरी तपासणी सुटलेली नाही; दाराशी तिलाही त्या क्ष-किरणांच्या यंत्रासमोर उभे केले. यंत्राने तिची हाडे पाहिली. दोरा त्याला दिसला नाही.