सीताफळाचे डोळे

आश्विनाचे ऊन त्या सकाळी हळदीच्या पाण्यासारखे पिवळे होते. सावंतवाडीच्या चितारआळीत, लाखेचा वास मुरलेल्या पडवीत, ते लाकडी आंब्यांवरून, लाकडी काजूंवरून सावकाश उतरत होते. बायकोची, शेवंतीची, शाल न्यायला जगन्नाथ गोव्याच्या इस्पितळातून घरी आला होता. फोन वाजला, लेक होती.

“बाबा, आये गेली.”

ऊन तसेच उतरत राहिले.

फळ घडवायचे त्याने, रंगवायचे तिने; तीस वर्षे असेच. लाकूड त्याच्या हातून गोल व्हायचे आणि तिच्या हातून पिकायचे. आंब्याच्या गालावरची लाली तिची. सीताफळाचा एकेक डोळा, एकेक पोपटी डोळा, तिचा.

दोन वर्षांपूर्वी तिच्या मानेत गाठ आली. लिम्फोमा, लसिकाग्रंथींचा कर्करोग, डॉक्टर म्हणाले. केस गळले, केस परत आले. घरी सोडताना डॉक्टरांनी जगन्नाथला बजावले होते: एकाचे दोन दिसू लागले, तर त्याच दिवशी या, हा आजार मेंदूभोवतीच्या आवरणात शिरतो.

श्रावणात, गणपतीवर टांगायच्या माटवीच्या लाकडी चौकटीला बांधायच्या फळांची घाई असताना, सीताफळाचे डोळे एकमेकांवर चढले.

“लक्ष खंय आसा तुजा?” तो खेकसला.

“माका दोन दोन दिसतत हो.”

“चवथ होवंदे. मगे जावया.”

आणि त्याने काचपेपर घेऊन चुकलेले डोळे घासून काढले. ती रंगवत राहिली, तो घासत राहिला. सतरा दिवस. पोपटी भुकटी त्याच्या नखांत बसली, श्वासात बसली. तिचा आजार तो आपल्याच हातांनी पुसत होता. आणि घरोघरच्या गणपतींवर निर्दोष, रसरशीत, लाखेने चकाकणारी फळे झुलत होती.

मग इस्पितळ. मणक्यात सुई, सुईतून मेंदूच्या पाण्यात औषध, मग तासन्‌तास उताणे, निश्चल पडणे, आठवड्यातून दोनदा. चौथ्या सुईनंतर तिची नजर जुळली. ती हसली.

“आता तुमी एकच दिसतास. बरा झाला. दोन घोव कोण सांबाळतलो?”

तोही हसला. डॉक्टरांचे बोलणे आपण विसरलो नव्हतो, हे तिला तेव्हाच सांगायचे होते. सांगितले नाही. पुढच्या पंधरवड्यात औषध हरले.

दिवसकार्य झाले. आज फळी झाडताना मागे एक सीताफळ सापडले, काचपेपरातून निसटलेले, अर्धेच रंगलेले. प्रत्येक डोळ्यामागे दुसरा डोळा, पाण्यात हललेल्या चंद्रासारखा. त्याने ते उन्हात धरले. ते त्याच्याकडे बघत राहिले, बघत राहिले.

लेक दाराशी येऊन उभी राहिली. “बाबा, आयेन तुमका आदी कायच सांगूक नाय?”

ऊन उतरले. फळ त्याच्या हातातच आहे.