दोघांच्या बाकावर

"तळ्यावर सहलीला?" सुनेनं हातातली चादर झटकली. "जा की! पण दुपारच्या आत परत येता की नाही बघा. शेजारी बसणार कोण तुमच्या?"

तिची शिंपीण सासू पायऱ्या उतरली.

स्टोव्हच्या भडक्यानं तिचा अर्धा चेहरा नि मान होरपळली, तेव्हापासून ती मागच्या खोलीत मशीनपुढे असायची. गिऱ्हाइकांशी बोलणार सून, मापं घेणार सून, आणि ती चुकली की उसवत बसणार ही. "लोक बिचकतात हो आई," एवढंच कारण. कुठल्याशा संस्थेतली एक मुलगी मात्र चिवट निघाली. घराघरांत कोंडलेली माणसं गोळा करून बाहेर न्यायची, हे तिचं खूळ. शिंपिणीनं तिला दोनदा दारातूनच वाटेला लावलं होतं. आजही ती निघाली होती ती सुनेच्या नाकावर टिच्चून. आता मागे फिरले तर ती मागची खोली जन्माची, हे मात्र तिला पक्कं ठाऊक होतं.

ती बसमध्ये सगळ्यांत शेवटी चढली. पाहते तर दर बाकावर एकेकच माणूस. कुबडीवाला, अंगभर कोड असलेली मास्तरीण, झटके येणारा न्हावी. सगळे खिडकीला चिकटलेले आणि शेजारच्या जागेवर पिशव्या.

"बस भरली," मास्तरीण म्हणाली. तिला तसंच वाटत होतं बिचारीला. वर्षानुवर्षं शेजारी कुणी टेकलंच नाही, तर ती जागा असते हेच माणूस विसरतं.

"भरली कुठे? अर्धी रिकामी आहे!" संस्थेतली मुलगी रडकुंडीला आली. कुणी हललं नाही.

"उभं कुणी चालणार नाही," ड्रायव्हर खेकसला. "बसा, नाहीतर उतरा. गाडी काढायचीय मला."

सगळे शिंपिणीकडे बघू लागले. लवकर उतर बाई, असं बघणं.

ती सर्वांत जवळच्या बाकाशी गेली. तिथे एक कुलूपवाला बसला होता.

"सरका."

"जागा धरलीय."

"कुणासाठी?"

त्यानं पिशवीकडे बघितलं. "आहे एक जण."

"असं कुणी असतं, तर या बसमध्ये कशाला मरायला आला असतात?"

मागे कुबडीवाला फिसकन हसला. कुलूपवाल्याचे कान लाल झाले.

"बाई, मी तुरुंगात जाऊन आलोय. लोकांच्या घरात शिरलो होतो. कळलं? आता जा दुसरीकडे."

"माझं काय चोरणार तुम्ही?" तिनं डोक्यावरचा रुमाल मागे सारला. "हे? घेऊन जा!"

 मुलीनं मान खाली घातली. कुलूपवाल्यानं मात्र घातली नाही. बिघडलेलं कुलूप उलटसुलट करून बघावं तसं त्यानं तो चेहरा कपाळापासून मानेपर्यंत पाहिला.

"टाके कुणी घातले हे? आंधळा होता काय?"

"मी घातले असते तर बरे घातले असते," ती फणकारली.

ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. कुलूपवाल्यानं पुटपुटत, बहुधा शिवीच देत, पिशवी उचलून मांडीवर घेतली. शिंपीण धप्पकन बसली आणि बस सुटली.

वळणावर त्याचा खांदा तिच्या खांद्यावर आदळला. दोघंही चटका बसल्यासारखे दचकले.

"अंग चोरून बसा जरा," तो गुरगुरला.

"चोरायची सवय तुम्हाला. मला नाही."

त्याच्या नाकातून एक आवाज आला. राग होता की हसू, कुणास ठाऊक. पुढच्या वळणाला खांद्यावर खांदा पुन्हा आदळला, तेव्हा कुणी दचकलं नाही. तळं यायला बराच अवकाश होता, आणि दोघांपैकी एकानंही तसूभर जागा सोडली नाही.